कुठला पाय?

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली की दामेची आई रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी टाकायची. कॉफी, उकडलेली रताळी, तळलेली केळी आणि मागच्या अंगाला ताडी, एवढंच तिचं दुकान. गिऱ्हाईक असो नसो, दारं उघडी. चर्चने पाच वर्षांपूर्वी बाहेर कर्णा बसवला होता आणि आतला शब्द न् शब्द तिला कॉफी गाळता गाळता ऐकू यायचा. चार वर्षांत तिने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, पण एकही उपासना चुकवली नव्हती. समोसिर बेटाच्या त्या काठावर तिच्याइतकी नेमाने हजेरी लावणारी दुसरी ख्रिस्ती बाई नसेल.

तिला सगळ्यात जास्त आवडायचं ते तिंगतिंग. प्रवचनाच्या आधी सिंतुआ, म्हणजे मंडळीतला वडील माणूस, काळा झगा घालून उभा राहायचा आणि आठवड्याभराच्या बातम्या वाचून दाखवायचा. कोण जन्मलं, कोणाचं ठरलं, कोण वारलं आणि शेवटी कोण आजारी आहे. आजाऱ्यांची नावं आली की मंडळी मान खाली घालायची, सिंतुआ मागणं म्हणायचा, सगळे आमेन म्हणायचे आणि आजाऱ्यांचं काम तिथल्या तिथे उरकायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तोच कागद.

"आणि डोंगरावरच्या ओम्पू रिस्मा आजी," कर्ण्यातून सिंतुआ गोमगोमचा जाड आवाज आला, "त्यांच्या पायाला आराम पडावा म्हणून आपण प्रभूकडे मागणं करू या."

"अकरावा रविवार!" दामेच्या आईने गाळणं टेबलावर आपटलं. "देवसुद्धा कंटाळला असेल त्या पायाला. एक तरी माणूस वर जाऊन बघून आलाय का? हा गोमगोम, ह्याची गाडी चर्चच्या दारात उभी असते, धुवून पुसून. डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता आहे. पण नाही! गाडी देवाची, पायही देवाचा, ते घेतील बघून आपापसात."

समोरच्या बाकावरचा तुम्पाल हसला. तुम्पाल ताडी काढायचा. रोज दहा-बारा झाडं चढायची, भरलेली बांबूची नळकांडी हिच्या दुकानात आणून ओतायची आणि कॉफी प्यायची. तो चर्चला जात नसे, आणि का जात नाही हे त्याला कोणी विचारतही नसे. दोघं एकमेकांना ईतो म्हणत, भावाबहिणीने हाक मारावी तसं.

"हसतोस काय, ईतो? खरं तेच बोलते. आमच्या ह्यांच्या वेळीही हेच." ती ही गोष्ट सांगायला लागली की तुम्पाल कप खाली ठेवायचा, कारण ती लवकर संपत नसे. तिचा नवरा आठ महिने अंथरुणावर होता. चौतीस रविवार त्याचं नाव तिंगतिंगमध्ये वाचलं गेलं. घरात पाण्याचा पेला द्यायलाही कोणी आलं नाही. आणि चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा? अख्खं गाव लोटलं. तीन डुकरं कापली. गोमगोमने चाळीस मिनिटं भाषण केलं, डोळे पुसले आणि भाषण करणाऱ्या मानकऱ्याचा म्हणून जबड्याचा वाटा पानात बांधून घरी नेला. "आठ महिन्यांत आली ती एकच, ही ओम्पू रिस्मा. एक दिवसाआड डोंगर उतरून यायची, पेजेचा डबा घेऊन. ह्यांची पाठ धुवायची, नखं कापायची. बाकी सगळे नुसते खायला आले!"

हे शेवटचं वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की ते तिच्या तोंडून आपोआप सुटायचं. हे वाक्य नेमकं कोणाकडे बोट दाखवतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि ते तीन मुलगे," ती पुढे निघाली, कारण प्रार्थना अजून चालू होती. "बाताममध्ये दोघं, जाकार्तात एक. आईच्या घराच्या पत्र्याला भोकं, आणि हिच्यासाठी थडगं बांधून तयार! टाइल्स लावलेलं, वर मनोरा! म्हातारीच्या सगळ्या मुलांची लग्नं झालेली, नातवंडं, पतवंडं. म्हणजे ती गेली की शोक नाही, सोहळा! ढोल, रेडा, तीन दिवस जेवणं. आत माना घालून बसलेत ना, त्यातले निम्मे रेड्याचाच विचार करत असतील. आमेन म्हणताना पाणी सुटतं बघ एकेकाच्या तोंडाला."

हे अगदीच खोटं नव्हतं. मागच्याच आठवड्यात दोन बायका तिच्याच दुकानात बसून त्या जेवणाला भात किती लागेल याचा अंदाज करत होत्या.

तुम्पालने कप तोंडाला लावला, मग परत खाली ठेवला.

"ईतो, कुठला पाय?"

"काय कुठला?"

"म्हातारीचा. डावा की उजवा? आमच्या बापाचा शेवटी पाय सुजला होता ना, तेव्हा त्याने एक रुंद चप्पल करून घेतली होती. एकच, उजव्या पायाची. मऊ आहे, पट्टे सैल करता येतात. घरी पडून आहे. म्हातारीचा उजवा असेल तर नेऊन देतो."

दामेच्या आईने फडकं उचललं आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

"उजवाच असेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "डावा... मला काय माहीत?"

"म्हणजे तू गेली नाहीस?" तुम्पालला खरंच नवल वाटलं होतं. त्याच्या आवाजात टोमणा असता तर तिने त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. "मला वाटलं, तू जातेस. एवढं बोलतेस, म्हणून."

"मला दुकान आहे! माझ्याकडे काय गोमगोमसारखी गाडी आहे?"

"नाही, ते आहेच," तुम्पाल म्हणाला आणि त्याने कॉफी संपवली.

कर्ण्यावर गाणं सुरू झालं. दामेची आई दारात जाऊन उभी राहिली. तिथून डोंगरावरच्या त्या घराचा पत्रा स्पष्ट दिसायचा. अकरा आठवडे ती रोज तो पत्रा पाहत होती. चुलीचा धूर शेवटचा कधी पाहिला ते तिला आठवेना. तिचे दोन्ही पाय धडधाकट होते. ती भडकली होती आणि नेमकं कोणावर भडकावं ते तिला कळत नव्हतं, ही तिच्यासाठी नवीनच अडचण होती.

"ऊठ," ती तुम्पालला म्हणाली. "चप्पल घे. वर जाऊ."

चाळीस मिनिटांची चढण, कॉफीच्या बागांमधून. वाटेत तुम्पालच्या घरून चप्पल घेतली. वर पोचेपर्यंत तिला दम लागला आणि दारात उभी राहिल्यावर जो वास आला, त्याने उरलासुरला श्वासही अडकला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, ओम्पुंग. दामेची आई." म्हाताऱ्या आजीला सगळे ओम्पुंगच म्हणत.

"आलीस?" म्हातारी चटईवर भिंतीला टेकून बसली होती. गालफडं बसली होती, डोळे मात्र शाबूत होते. "मला वाटलं, तूसुद्धा प्रार्थनाच करत्येस."

डावा पाय जुन्या चादरीच्या चिंध्यांत गुंडाळलेला होता. तुम्पालने हातातली चप्पल हळूच पाठीमागे लपवली. दामेच्या आईने खाली बसून चिंध्या सोडल्या. कॉफीच्या बागेत कुदळ लागली होती, इतकंच. पण म्हातारीला साखरेचा आजार होता, जखम भरली नव्हती. दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा तळव्याकडे निघाला होता.

"पाणी कोण भरतं तुमचं?"

"कॉफी तोडायला बायका येतात, त्या कळशी भरून जातात. जाताना सांगतात, ओम्पुंग, आम्ही प्रार्थना करतोय हं तुमच्यासाठी. मी म्हणते, कळशी भरलीस ना बाई, पोचली तुझी प्रार्थना."

दामेच्या आईने तो पाय मांडीवर घेतला होता. एक दिवसाआड डोंगर उतरून तिच्या घरी आलेला हाच पाय. तिला लाज वाटली. इतकी की मान वर करवेना.

"ओम्पुंग, मी त्या लोकांना तुमच्यावरून किती बोलले."

"ऐकलं मी. वारा तिकडचा असला की तुझा आवाज इथवर येतो. तुला कर्ण्याची गरजच नाही. मी वाट बघायचे. म्हटलं, आवाज एवढा येतोय, मागोमाग बाई पण येईल."

तुम्पालने म्हातारीला ताडीच्या नळकांड्यांच्या दोरीने आणि एका जाड चादरीने पाठीशी बांधलं. झाडावरून ओझं घेऊन उतरायची त्याला सवय होती. "एवढीशीच आहे," तो म्हणाला, "दोन नळकांडी आणि थोडा फेस." म्हातारीने त्याच्या डोक्यात टपली मारली.

खाली आले तेव्हा चर्चमध्ये प्रवचन चालू होतं. त्यांचे पाळकसाहेब चार गावांत मिळून एक, त्यामुळे महिन्यातून तीनदा प्रवचनाची हौसही सिंतुआ गोमगोमच भागवून घ्यायचा, आणि ती दोन तासांशिवाय भागत नसे. दामेच्या आईने चार वर्षांनी तो उंबरा ओलांडला. मागे तुम्पाल, आणि त्याच्या पाठीवर म्हातारी. मधल्या वाटेने ती सरळ पुढे गेली आणि तिने मानकऱ्यांच्या बाकावर ओम्पू रिस्माला बसवलं.

"इनांग," गोमगोम वरून, बाईमाणसाला आदराने म्हणतात तसं म्हणाला, "उपासना चालू आहे."

"चालू द्या की, आमांग. मी बंद पाडायला नाही आले. अकरा रविवार तुम्ही ज्या पायासाठी रडलात ना, तो घेऊन आले. ओळख करून घ्या." तिने चिंध्या सोडल्या. वास पसरला. पुढच्या तीन बाकांवरच्या बायकांनी खांद्यावरचे उलोस शेले नाकाला लावले. "कुठला पाय, आमांग? इथे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं. डावा आहे."

गोमगोमचे ओठ हलले. त्याने हात जोडले, डोळे मिटले. "आपण सर्वांनी आता एकचित्ताने..."

"डोळे मिटू नका!" ती ओरडली. "डोळे मिटून गाडी कशी चालवाल?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंड दाबलं. गोमगोमने डोळे उघडले. त्या पायाकडे तो पहिल्यांदाच पाहत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. माणूस दुष्ट नव्हता तो. अकरा आठवडे डोळे मिटून होता, इतकंच. किल्ली झग्याच्या आत विजारीच्या खिशात होती, त्यामुळे सगळ्या मंडळीसमोर झगा कमरेपर्यंत वर करून ती काढावी लागली. तो झगा घालूनच त्याने गाडी हाकली, इस्पितळापर्यंत.

डॉक्टरीणबाई तरुण होती, थकलेली होती. तिने पाय पाहिला आणि विचारलं, "आत्ता आणलंत?"

मग तिने स्वतःच कागद ओढला आणि लिहायला लागली.

"तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर दोन बोटांवर निभावलं असतं. आता घोट्याच्या वरून काढावा लागेल."

दामेच्या आईने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे आठवा रविवार. त्या दिवशी ती दुकानात म्हणाली होती, ओम्पू रिस्माचा पाय आता इतके रविवार चर्चला जातोय, त्याचं नाव मंडळीच्या यादीत घाला. दुकान हसून लोटपोट झालं होतं. एका गिऱ्हाइकाने हसता हसता कॉफी सांडली होती. ती स्वतःही खूश होती, कारण असं नेमकं तिला रोज सुचत नसे. इस्पितळाच्या बाकावर बसून ती रडली, आणि गोमगोम शेजारी बसून झग्याच्या बाह्या चाचपत राहिला.

पाय गेला. म्हातारी वाचली. मुलगे विमानाने आले, आईला जिवंत पाहून जरा गोंधळले, थडग्याची धूळ झटकून परत गेले. दामेच्या आईने म्हातारीला दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं. तुम्पालची चप्पल कामी आली ती अशी. उरलेला पाय उजवाच होता. "बघ," ओम्पू रिस्मा त्याला म्हणाली, "तू योग्य पायाचीच आणली होतीस. जरा लवकर आणलीस, एवढंच."

गावाला आठ-पंधरा दिवस सेवेचं खूळ लागलं. जो तो डबे घेऊन आजाऱ्यांच्या दारात. एका सर्दी झालेल्या बाईकडे एका दिवशी सात जणी गेल्या आणि तिचा ताप वाढला. "कुठला पाय?" ही गावात म्हणच पडली. कोणी नुसतं हळहळलं की दुसरा विचारायचा, कुठला पाय? मग भातलावणी आली, लोक कामाला लागले आणि सगळं पुन्हा जुन्या वळणावर गेलं. तिंगतिंग, मान खाली, आमेन.

लावणीच्या दिवसांतच बांधावरून घसरून सिंतुआ गोमगोम पडला आणि कंबर धरून बसला. तिंगतिंग आता दुसराच सिंतुआ वाचायचा.

"आपले सिंतुआ गोमगोम यांच्या कमरेला आराम पडावा म्हणून..." कर्ण्यातून आलं.

दामेची आई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. तिच्या अंगात जुना उत्साह संचारला होता. "तिसरा रविवार! आता कळेल त्याला. होऊ देत चौतीस! पडून ऐक म्हणावं स्वतःचं नाव. जबडा खाल्लास ना, आता आमेन खा!"

दुकान हसलं. दारापाशी एका पायात रुंद चप्पल घालून ओम्पू रिस्मा शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कुठला पाय?" ती म्हणाली.

"पाय नाही ओम्पुंग, कंबर."

"बरं, कंबर. उठून बसता येतं का त्याला? मोरीपर्यंत कसा जातो?"

"मला काय माहीत?"

शब्द तोंडातून गेले आणि तिने ते ऐकले. तुम्पाल कपात पाहू लागला. ती लालबुंद झाली. तिला जायचं नव्हतं. गावात कोणाकडेही गेली असती, पण त्या घरात नाही.

"त्याने जबडा नेला होता, ओम्पुंग. ह्यांना माती दिली त्या दिवशी. आठ महिने तोंड दाखवलं नाही आणि जबडा नेला."

"नेला," म्हातारी म्हणाली. "गाडीही त्यानेच आणली." तिने आणखी एक शेंग सोलली. "राहू दे. नको जाऊस. घरी बसून प्रार्थना कर."

दामेच्या आईने किटली आदळली. पातेलं आदळलं. फळीवरचा म्हातारीचाच जुना पेजेचा डबा ओढून काढला, त्यात पेज ओतली, झाकण उलटं बसवलं, शिवी हासडली, परत नीट बसवलं. मग कमरेचं फडकंही न सोडता ती रस्त्याला लागली. मागे कर्ण्यातून आमेन झालं.

गोमगोमचं दार लोटलेलं होतं. घरात शुकशुकाट. बायको, सून, मुलगा, सगळे चर्चमध्ये होते, त्याच्याच कमरेसाठी मागणं करत. तो आतल्या खोलीत पालथा पडला होता, पाण्याचा तांब्या हात पुरणार नाही इतक्या अंतरावर ठेवलेला. मान वळवून त्याने तिला पाहिलं आणि अंगावरची चादर वर ओढली.

"इनांग? तुम्ही... उपासना?"

"चालू आहे. तुमच्यासाठीच." तिने तांब्या त्याच्या हाताशी सरकवला, डबा ठेवला आणि जमिनीवर बसली. "नेमकं कुठे दुखतं, आमांग? हात लावून दाखवा."

त्याने सवयीने डोळे मिटले. मग उघडले आणि दाखवलं.